तांदळाला टाळ ऐकू येत नाही

शिवाजीनगरचा सिग्नल ओलांडला तेव्हा शिवदासभाऊंनी पिशव्या तिसऱ्यांदा खाली ठेवल्या आणि हात बदलून पुन्हा उचलल्या. मानखुर्दहून निघून आम्हाला पाऊण तास झाला होता, घाटकोपर अजून बरंच लांब होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. रस्त्याला सावली म्हणून नाही. एका बाजूला ट्रकची रांग, दुसऱ्या बाजूला टायरवाल्यांची दुकानं, आणि वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास.

“भाऊ, एक पिशवी द्या माझ्याकडे,” मी म्हटलं.

ते चालतच राहिले. मी वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेले. त्यांचा डावा कान त्यातल्या त्यात बरा, हे आम्हा शेजारणींना ठाऊक होतं. पुन्हा म्हटलं.

“नको गे. तू हलवशील.”

“का? मी दह्याचं भांडं कधी नेलं नाही?”

“दही हिंदकळलं तर परत विरजता येतं. ह्याचं चुंबक केसाएवढं सरकलं की खेळ खलास.”

पिशव्यांत दोन जुने स्पीकर होते. कुठल्यातरी बंद पडलेल्या सिनेमागृहातले, नुसते उघडे. पुढे कागदाचा शंकू, त्याभोवती लोखंडी चौकट, मागे जड चुंबक. मानखुर्दचा एक भंगारवाला असे स्पीकर भाऊंसाठी बाजूला काढून ठेवतो. भाऊ ते रिक्षात घालत नाहीत, बसमध्ये नाहीत. खड्ड्यांत आदळून चुंबक सरकतं, मग आतली तार घासते आणि आवाज खरखरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गेली तीस वर्षं ते मानखुर्द ते घाटकोपर ही वाट स्पीकर हातात घेऊन चालत येतात. लोक हसतात. हसू देत.

मला मात्र त्यांच्या बायकोने, शेवंतीवहिनीने पाठवलं होतं. आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाली, “त्यांका रस्तो ऐकाक येणा नाय. तू वांगडा जा गे.”

मी गेले त्याला दुसरंही कारण होतं. दीड वर्ष एक गोष्ट माझ्या पोटात होती आणि ती भाऊंना सांगायची होती. मानखुर्दला पोचेपर्यंत सांगू म्हटलं, झालं नाही. परतताना सांगू म्हटलं, तर पाऊण तास असा गेला.

आता भाऊ कोण ते आधी सांगते.

शिवदास मेस्त्री. आमच्या टेकडीवर, घाटकोपर पश्चिमेला, माझ्या घरापासून चार दारं सोडून त्यांचं घर. मूळचे मालवणकडचे, जातीने सुतार. वडील गिरणीत लाकूडकामाला होते. संपात गिरणी गेली आणि वडील घरी बसले, तेव्हा भाऊ शाळा सोडून एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले. तिथे फाटलेल्या स्पीकरचे कागद बदलायला शिकले. हातात वडिलांचा रंधा आणि डोक्यात दुकानातलं शिक्षण, दोन्ही एकत्र आलं आणि ते स्वतःच स्पीकरचे डबे बनवायला लागले.

त्या काळी आमच्यासारख्या गरीब मंडळांना भाड्याचे कर्णे मिळायचे. आवाज वाढवला की फाटायचा. हरिपाठ चाललाय की भांडण, कळायचं नाही. चांगली जोडी दुकानातून घ्यायची तर वर्षभराची वर्गणी गेली असती. भाऊ त्याच्या चौथाईत जोडी बांधून द्यायचे, आणि अशी की टेकडीच्या खालच्या नळावर उभं राहिलं तरी वरच्या देवळातला शब्द न् शब्द सुटा ऐकू यावा.

त्यांची रीत सांगण्यासारखी आहे. ते म्हणायचे, “आवाज मोठा हवा तर डबा मोठा करा. बटण पिळू नका.” फळ्या वाकोल्याहून यायच्या, विमानाने आलेल्या मालाच्या खोक्यांच्या. सांधे सरस आणि लाकडाचा भुसा कालवून बुजवायचे. मग स्पीकर हळू लावून सांध्यासांध्यावरून पेटलेली उदबत्ती फिरवायची. धूर कुठे थरथरला की तिथे फट आहे. आत भरायला जुन्या गाद्यांचा कापूस. शेवटी डब्यावर चार तांदूळ ठेवायचे आणि आवाज पुरता चढवायचा. दाणा नाचला की भाऊ डबा उघडून आत आणखी एक आडवी पट्टी मारायचे.

“दाणा नाचतो म्हणजे डबा गातोय,” ते सांगायचे. “डब्याने गायचं नाही. डब्याने गप बसायचं. गाणारा वेगळा आहे.”

आणि बटणावर शेवंतीवहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. त्याच्या पुढे बटण नेलं तर भाऊ पुढल्या वेळी दारात उभं करायचे नाहीत.

आमच्याकडे सातेरीचं देऊळ आहे. लहानच. वर्षातून एकदा तिथे गाऱ्हाणं होतं. बाळा घाडी देवीसमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, कुणाच्या लेकराची नोकरी, कुणाचं दुखणं, आणि प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणतो. भाऊंच्या स्पीकरची परीक्षा गाण्यावर नसायची, गाऱ्हाण्यावर असायची. “देवीला ऐकू येतंच,” ते म्हणायचे, “पायऱ्यांवरच्या शेवटच्या बाईला आपलं नाव ऐकू आलं पाहिजे. नाहीतर ती ‘व्हय’ कशाला म्हणणार?”

मी ब्लाउज शिवते. मिस्टर गेले त्या वर्षी बाळाने माझ्या घराचं मागणं मागितलं, तेव्हा मी त्या शेवटच्या पायरीवर होते. शब्द न् शब्द ऐकला. माझा सख्खा भाऊ गावी असतो, वर्षानुवर्षं भेट नाही. भाऊबीजेला मी शिवदासभाऊंना ओवाळते. हे सगळं सांगायचं कारण, मी त्यांच्याशी खोटं का बोलले ते तुमच्या लक्षात यावं.

दीड वर्षापूर्वीच्या नवरात्रात भाऊंनी देवळाला नवी जोडी दिली. फुकट. वर्गणी देऊ केली तर हात जोडले. पहिल्या माळेला आम्ही बायका भजनाला बसलो आणि टाळ वाजले. काय सांगू, कानात सुई घातल्यासारखं झालं. मृदंग छान, शब्द छान, पण टाळ वाजला की दात आंबावेत तसं. माझी नात श्रुतिका पुढे बसली होती, सहा वर्षांची. तिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि आरती होईपर्यंत काढली नाहीत.

भाऊ मागे खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. चेहरा असा समाधानी, की काय सांगावं.

भजन संपल्यावर आम्ही बायका चपलांपाशी कुजबुजलो. मंडळाची पुढारीण रत्नप्रभा म्हणाली, “कोणीतरी सांगा बाई त्यांना.”

“तूच सांग ना.”

“मी नाही. फुकट दिलेल्या गाईचे दात मोजायचे का?”

“मग बाळाला सांग.”

बाळा घाडी म्हणाला, “मी देवीकडे मागतो. माणसाला सांगायचं काम माझं नाही.”

शेवटी कोणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दुपारी देऊळ रिकामं बघून मी स्टूल घेऊन गेले. प्रत्येक डब्याच्या वरच्या बाजूला बारीक आवाजाचा एक छोटा स्पीकर असतो, ट्वीटर म्हणतात त्याला. त्याच्यापुढची जाळी उचकटून मी ब्लाउजच्या अस्तराचं दुहेरी फडकं आत कोंबलं आणि जाळी होती तशी बसवली. दोन्ही डब्यांना. संध्याकाळी टाळ वाजले. टोचलं, पण सहन होण्याइतकं.

आरतीनंतर भाऊंनी मलाच विचारलं. “सुनंदा, काल विचारायचं राहिलं. कसा बसलाय आवाज?”

देवी समोर होती. तिच्या नाकातली नथ मला दिसत होती.

“झकास,” मी म्हटलं.

माझी चूक तिथे संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते. पण भाऊंनी माझा शब्द धरला. सातेरीच्या देवळात जमलं म्हणजे हेच माप, असं म्हणून पुढच्या वर्षभरात त्यांनी तशाच सहा जोड्या बांधल्या. मुलुंड, भांडुप, बोरिवली, मानखुर्दला दोन, आणि एक वाकोल्याला. त्या सहांत माझं फडकं नव्हतं.

वाकोल्याची जोडी ग्रेगरीसाठी होती. ग्रेगरी म्हणजे भाऊंचा बावीस वर्षांपासूनचा दोस्त. वाकोल्याच्या जुन्या गावठाणातला, आपल्यासारखंच मराठी बोलणारा किरिस्ताव. विमानतळावर मालाच्या गोदामात नोकरीला होता. खोक्यांच्या फळ्या तोच पाठवायचा. त्याच्या घरापुढे दगडी क्रूस आहे, मे महिन्यात रोज संध्याकाळी गल्लीतले लोक तिथे जमून प्रार्थना म्हणतात, मराठीत गातात. त्यासाठी भाऊंनी गेल्या मेमध्ये हौसेने जोडी करून दिली.

ग्रेगरी एकटाच निघाला खरं बोलणारा. तो म्हणाला, “शिवा, आवाज मोठा आहे, फाटत नाही, सगळं खरं. पण कडा लागते रे. कानाला ब्लेड लागल्यासारखी.”

“तुझ्या कानाची वाट लागलीय, म्हाताऱ्या.”

“माझ्या? पुढं बसलेली पोरं उठून मागं जातात, यार. बघ तरी.”

भाऊंनी तिथल्या तिथे मला फोन लावला. “सुनंदा, आपल्या देवळातल्या जोडीचा आवाज कसा आहे ते ह्याला सांग. फोन मोठा केलाय. सगळे ऐकतायत.”

मी शिवणयंत्रावर बसले होते. पायाखालचं चाक थांबवलं. पलीकडे माणसं होती, त्यांच्यात भाऊ होते, त्यांचा मान होता. मी म्हटलं, “झकास आहे भाऊ.”

“ऐकलंस?” भाऊ त्याला म्हणाले. पुढे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, फोन बंद झाला. एवढं कळलं की ग्रेगरीने जोडी परत दिली नाही आणि लावलीही नाही. माळ्यावर टाकली. फळ्या येणं बंद झालं. नाताळच्या आधी आठ दिवस ग्रेगरी वारला. भाऊ वाकोल्याला गेले, चर्चच्या दारापर्यंत गेले आणि पेटीजवळ न जाताच परतले. घरी येऊन वहिनीला म्हणाले, “मोठा माणूस समजायचा स्वतःला.” त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हापासून पोटातलं ते आणखी जड झालं. रोज देवीपुढे दिवा लावताना वाटायचं, आज सांगते. आणि भाऊ समोर आले की “काय भाऊ, चहा घेतला?” एवढंच तोंडातून निघायचं.

तर आम्ही त्या रस्त्याने चाललो होतो. एका वखारीच्या फाटकातून मोठा डंपर मागे मागे येत होता. मागे येणाऱ्या गाडीला हल्ली बारीक शिटीसारखी टीं-टीं लावलेली असते, ती वाजत होती. क्लीनर गाडीवर थापा मारत ओरडत होता. मी थांबले. भाऊ चालतच राहिले, दोन्ही हातांत पिशव्या, नजर समोर. ती टीं-टीं मला मुलुंडपर्यंत ऐकू जाईल अशी वाटत होती आणि भाऊ तिच्यातून असे चालले होते, जसं काही रस्त्यावर कोणीच नाही.

मी धावले आणि दंडाला धरून मागे ओढलं. डंपरचं चाक आमच्या पुढून गेलं. उजव्या हातातली पिशवी सुटली आणि रस्त्यावर आदळली.

भाऊंनी आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. राग आला की ते मालवणीवर येतात. “ओढलंस कित्याक? फुटलो ना तो!”

“भाऊ, गाडी मागे येत होती.”

“मग सांगूचा. ओढूचा कित्याक?”

“गाडी वाजत होती, भाऊ. केवढ्याने वाजत होती.”

“काय वाजत होता?”

डंपर अजून तिथेच होता, वळण घेत होता. टीं-टीं चालूच होती. मी बोटाने दाखवलं. “ती. आत्ताही वाजतेय.”

ते गाडीकडे बघत राहिले. मान जराशी तिरकी केली, डावा कान पुढे केला. ते ज्या तऱ्हेने ऐकायचा प्रयत्न करत होते ते मला बघवेना. गाडी सरळ झाली, आवाज थांबला. तो थांबला हेही त्यांना कळलं नाही. ते तसेच कान लावून उभे होते.

मग मी सगळं सांगितलं. एका टायरवाल्याच्या बाकड्यावर त्यांना बसवलं आणि सांगितलं. टाळाचं, श्रुतिकाच्या बोटांचं, फडक्याचं. दोन्ही वेळच्या ‘झकास’चं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे टायरवाल्यानेही ऐकलं. तो बिचारा हातातलं काम सोडून आत गेला.

भाऊंनी एकच विचारलं. “फोनवर सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

ते उठले. चांगला राहिलेला स्पीकर छातीशी धरला आणि चालायला लागले. पडलेल्या पिशवीकडे वळूनही बघितलं नाही. ती मी उचलली. आत काहीतरी खुळखुळत होतं. पुढचा दीड तास मी त्यांच्या दहा पावलं मागे चालत होते, आणि मागून गाडी आली की पुढे पळत जाऊन त्यांना बाजूला करत होते. ते बाजूला होत होते.

टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी मागे हात केला. मी पिशवी दिली. घेतली आणि वर गेले.

पुढचं मला शेवंतीवहिनीने सांगितलं. त्याच दुपारी ते देवळात गेले, जाळ्या काढल्या, दोन्ही फडकी बाहेर काढली. गुलाबी अस्तर, धुळीने काळं झालेलं. त्यातलं एक घरी आणून त्यांनी खिडकीच्या गजावर टाकलं. मग वहिनीला म्हणाले, “माझ्या पाठीमागे उभी राहा आणि टाळ वाजव. ऐकू आला की बोट वर करतो.”

“मी धा वेळा वाजवलंय गे,” वहिनी सांगत होती. “बोट दोनदा वर इला. त्यातला एकदा मी वाजवलाच नव्हता.”

बोलता बोलता तिला हसू आलं आणि मग रडू आलं. “मी दोन वर्षं ओरडून ओरडून घसो बसवून घेतलो. ते म्हणत, तू पुटपुटतंस, रागावलंस. मी रागावलेली नव्हतंय गे.”

तीस वर्षं स्पीकरला कान लावून, आवाज पुरता चढवून भाऊ त्याचा दोष शोधायचे. तेच त्यांना भोवलं असावं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकण्याची शक्ती गेली, ती परत येत नाही. यंत्र मिळेल, त्याने बोलणं जरा कळेल. पण स्पीकर बरोबर वाजतो की नाही हे त्या यंत्रातून ठरवता येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच भाऊंनी ओळखलं. जे आपल्याला ऐकू येत नाही ते वाढवत वाढवत नेलं, एवढंच झालं होतं. उदबत्तीने सांधा कळत होता, तांदळाने फळी कळत होती. टाळ सांगणारं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

मानखुर्दहून आणलेल्या स्पीकरपैकी पडलेला गेलाच. दुसरा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सरकवला. ज्यांनी जोडी सांगितली होती त्यांना ‘जमणार नाही’ असं कळवलं. रंधा, सरसाचं भांडं, सगळं वहिनीने उचलून ठेवलं. ठेवू नको असं ते म्हणाले नाहीत.

अकरा दिवस भाऊ माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज दारावरून जात होते. ते पेपर वाचत असायचे. हे ऐकू न येणं नव्हतं, ते मला कळत होतं.

बाराव्या दिवशी, मंगळवार होता, दुपारी वहिनी बोलवायला आली. “देवळात ये म्हणतंत. येताना मशीनचो स्क्रूड्रायव्हर घेऊन ये.”

देवळात भाऊ स्टुलावर उभे होते. दोन्ही डब्यांच्या पाठी उघड्या. “बस तिथे,” त्यांनी मला श्रुतिका बसते ती जागा दाखवली. वहिनी माइकपुढे टाळ घेऊन उभी राहिली.

टाळ वाजला. फडकं काढलेलं, तसाच कानात शिरला.

“काय?”

“टोचतं, भाऊ.”

त्यांनी डब्यात हात घालून काहीतरी जोडलं. खडूच्या तुकड्याएवढा पांढरा रेझिस्टर होता तो. वाटेत बसून बारीक आवाज थोडा अडवतो, असं नंतर सांगितलं. “आता?”

“कमी आहे. पण टोचतं.”

तो काढून दुसरा घातला. वहिनीने वाजवला. टाळ टाळासारखा वाजला. कितीतरी दिवसांनी.

“आता नाही टोचत.”

“खरं?”

“देवीची शपथ.”

“तिला मधे आणू नको. मागच्या वेळी तिच्यासमोरच बोललीस.” आवाजात राग नव्हता. थकवा होता. “पायऱ्यांवर जा. शेवटच्या.”

मी गेले. वहिनी माइकवर म्हणाली, “सुनंदाच्या नातीक शाळेत चांगलो नंबर पडूं दे.” शब्द सुटा, स्वच्छ आला. मी तिथूनच “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि मग लक्षात आलं की भाऊंना ते ऐकू गेलं नसणार. म्हणून हात वर केला.

परत आले तेव्हा ते खाली उतरून देवीला पाठमोरे, पायरीवर बसले होते. मांडीवर कागदाच्या पुड्या होत्या. अंगाऱ्याच्या बांधतात तशा. पाच. प्रत्येकीवर पेन्सिलीने गावाचं नाव. आत दोन दोन रेझिस्टर.

“बघ, सोपं आहे,” ते म्हणाले. मला एका डब्याच्या मागे नेऊन दाखवलं. “ही वायर पट्टीतून सोडवायची. हा मधे घालायचा. स्क्रू आवळायचा. मशीनची सुई बदलतेस तेवढंच. करून दाखव.”

मी करून दाखवलं.

“मुलुंड, भांडुप, बोरिवली, मानखुर्दच्या दोन. पाच ठिकाणी पुढे पोरं बसतात. माझे कान गेले ते गेले.”

“भाऊ, तुम्ही चला ना बरोबर. मी ऐकते, तुम्ही जोडा.”

“मी आलो तर काय होईल? खुर्ची देतील. ‘मेस्त्री, आवाज एकदम झकास’ म्हणतील. माझ्या तोंडावर कोणी खरं बोलत नाही, ते बघितलं ना मी. तू एकटी जा. विचारलं तर सांग, मेस्त्रीला ऐकू येत नाही. अडखळू नको. मला सांगायला दीड वर्ष लावलंस, त्यांना दारातच सांग.”

मी पुड्या पदरात घेतल्या. मोजल्या नाहीत, पण पाच होत्या हे दिसत होतं. “आणि वाकोला?”

त्यांनी खिशातून ते गुलाबी फडकं काढलं. वहिनीने धुऊन दिलेलं होतं. डाग तसेच होते. घडी करून त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं.

“वाकोल्याला पहिलं जायचं,” ते म्हणाले. “तिथे काही जोडायचं नाही, ती जोडी माळ्यावर आहे. ग्रेगरीची बायको आहे, क्लॅरिस. मी गेलो तर ती चहा ठेवेल आणि ‘जाऊ दे शिवा’ म्हणेल. मला ते नको. तू जा. तिला हे फडकं दाखव. म्हण, त्या दिवशी फोनवर बोलली ती बाई मी. आणि तिला सांग सुनंदा, तुझ्या तोंडाने सांग, की ग्रेगरीचा कान बरोबर होता.”